५५ किलोचा हट्ट सोडावा, ग्रीको-रोमन सोडू नये

सोलापूरच्या एका वाचकाचे पत्र (त्यांच्या विनंतीवरून नाव छापलेले नाही) :

“माझा मुलगा १९ वर्षांचा असून बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा वर्षे तालमीत जातो आणि गेली तीन वर्षे ग्रीको-रोमन प्रकारात खेळतो. त्याचे रोजचे वजन साडेअठ्ठावन्न ते एकोणसाठ किलो भरते, पण तो ५५ किलो गटात उतरतो. मागील राज्य स्पर्धेपूर्वी वजन तोडण्यासाठी त्याने दोन दिवस पाणी घेतले नाही. वजन बसले, पण पहिल्याच कुस्तीत दुसऱ्या फेरीत त्याच्या पोटरीत गोळे आले आणि तो हरला. वस्ताद म्हणतात की ग्रीकोला ना इनाम ना नाव, त्याला फ्रीस्टाईलला घाला आणि जत्रेच्या मैदानांत लढू द्या. मुलगा ऐकत नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, खुराकाचा खर्च आता झेपत नाही. हलक्या वजनाच्या ग्रीको पैलवानाला पुढे काही भवितव्य आहे का? ता. क. : वजन ताब्यात राहावे म्हणून त्याची भाकरी बंद करून फक्त बदाम आणि दूध द्यावे का, असे त्याची आई विचारते.”

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते मुलाच्या भवितव्याविषयीचे वाटले. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की ज्या वाक्यावर आपण सर्वांत कमी थांबला आहात, तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. “दोन दिवस पाणी घेतले नाही,” असे आपण सहज लिहून गेला आहात. वस्ताद ज्या पराभवाचे खापर ग्रीको-रोमनवर फोडत आहेत, तो पराभव त्या दोन कोरड्या दिवसांनी घडवला आहे. म्हणून माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. चिरंजीवांनी ग्रीको-रोमन सोडू नये. ५५ किलो गट मात्र याच हंगामात सोडावा आणि ६० किलोचा पैलवान होण्यासाठी स्वतःला दीड-दोन वर्षे द्यावीत.

प्रथम कुस्तीच्या प्रकाराविषयी. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड घेता येत नाही आणि डाव मारताना पायांचा वापरही करता येत नाही. नाव ग्रीस आणि रोमचे असले, तरी आजचे रूप एकोणिसाव्या शतकात मुख्यतः फ्रान्समध्ये घडले आणि १९०८ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार खेळवला गेला आहे. आपल्या मातीतील पैलवानाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पट (समोरच्याचे पाय धरून ओढण्याचा डाव) निघत नाही, टांग लागत नाही, कलाजंगासाठी मांडीत हात घालता येत नाही. उरते ते छातीला छाती भिडवून केलेली बगलेची झुंज, कमरेवरचा कब्जा, हाताला धरून मारलेली धोबीपछाड आणि समोरच्याला उचलून मागे टाकणारे फेकीचे डाव. उंच फेकीला एकदम चार किंवा पाच गुण मिळतात आणि आठ गुणांची आघाडी होताच कुस्ती तेथेच संपते. फ्रीस्टाईलमध्ये पायही धरता येतात आणि तेथे त्यासाठी दहा गुणांची आघाडी लागते.

आता एका संध्याकाळी तालमीत जाऊन कोपऱ्यात बसा आणि चिरंजीवांची फक्त खडाखडी, म्हणजे सुरुवातीची हातांची झटापट, पाहा. त्यांची नजर समोरच्याच्या गुडघ्यांकडे जाते की खांद्यांकडे? हात भिडताच त्यांचे कोपर आत, बगलेत शिरते की ते डोके घालून खाली वाकू पाहतात? तीन वर्षे ग्रीको खेळलेला आणि त्यात रमलेला मुलगा सरळ पाठीने उभा राहतो, खाली वाकत नाही. अशा मुलाला १९ व्या वर्षी फ्रीस्टाईलला घातले, तर पहिली दोन वर्षे तो स्वतःचे पाय वाचवण्यातच घालवतो, कारण समोरची मुले दहाव्या वर्षापासून पट काढत आलेली असतात. आपण लिहिता की मुलगा ऐकत नाही. मला वाटते, या बाबतीत त्यांना वस्तादांपेक्षा अधिक कळते आहे.

वस्तादांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही, कारण त्यातील अर्धे खरे आहे. जत्रेच्या मैदानात ग्रीकोला कोणी विचारत नाही. मातीच्या कुस्तीत लोकांना पट, घिस्सा, ढाक पाहायची असते. हलगी कडाडते ती त्यासाठी. पण आपल्या मुलाचा प्रश्न प्रकारापेक्षा वजनाचा आहे. रेवड्यांच्या बक्षिसावरच्या लहान मुलांच्या कुस्त्या संपल्या की दुपारच्या उन्हात हलक्या जोडी लागतात, त्यांचे इनाम प्रवासखर्चात जाते, आणि मोठी रक्कम असते ती दिवे लागताना होणाऱ्या शेवटच्या कुस्तीवर, जी शंभर किलोच्या आसपासचे पैलवान लढतात. महाराष्ट्र केसरीच्या गदेचा गटही ८६ ते १२५ किलोचा आहे. आपल्याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे बाला रफिक शेख २०१८ साली जालन्यात महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा सोलापूरच्या प्रत्येक तालमीत मुलांचे डोळे चमकले असतील. पण ती वाट साठ किलोच्या पैलवानासाठी नाही, मग तो कोणत्याही प्रकारात लढो. मुलाला फ्रीस्टाईलला घातल्याने ती गदा एक बोटभरही जवळ येणार नाही.

हलक्या वजनाच्या फ्रीस्टाईलची स्थिती काय आहे, तेही पाहा. या वजनात महाराष्ट्राने देशाला मोठी माणसे दिली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. बीडच्या राहुल आवारे यांनी २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य जिंकले. परंतु आज देशात ५७ किलो फ्रीस्टाईलचे दार उघडायला जाणाऱ्याला कोण भेटते? रवी दहिया यांनी टोकियोत याच गटात रौप्य मिळवले आणि अमन सेहरावत यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्य. त्यांच्या मागे हरियाणा आणि दिल्लीच्या आखाड्यांतील मुलांची भली मोठी रांग आहे. त्या रांगेच्या शेवटी, दुसऱ्याच प्रकारातून येऊन, १९ व्या वर्षी उभे राहण्यात मला शहाणपणा दिसत नाही.

ग्रीको-रोमनमध्ये रांग लहान आहे, पण दारेही कमी आहेत, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. या प्रकारात भारताला अद्याप ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही; टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये आपला एकही ग्रीको पैलवान पात्र ठरला नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत २०१० साली दिल्लीत हा प्रकार होता. तेथे ५५ किलोत राजेंदर कुमार आणि ६० किलोत रविंदर सिंग यांनी सुवर्ण मिळवले, पण त्यानंतरच्या राष्ट्रकुल स्पर्धांतून ग्रीको-रोमन वगळण्यात आले. म्हणजे फ्रीस्टाईलच्या पैलवानाला २०२२ पर्यंत तेथे मिळत आलेली एक मोठी संधी ग्रीकोच्या पैलवानांच्या वाट्याला आलीच नाही.

तरीही या प्रकारात भारताने जे काही मिळवले, त्यात हलक्या वजनाच्या पैलवानांचा वाटा मोठा आहे. पप्पू यादव यांनी १९९३ साली ४८ किलोत आशियाई अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर २०२० साली सुनील कुमार यांनी ८७ किलोत ते मिळवेपर्यंत सत्तावीस वर्षे कोणाही भारतीय ग्रीको पैलवानाला तेथे सुवर्ण मिळाले नाही. रविंदर सिंग यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत ६० किलोत कांस्य घेतले. जागतिक स्पर्धेत भारताचे पहिले ग्रीको पदक २०१३ साली बुडापेस्टमध्ये ६६ किलोत आले आणि ते मिळवणारे संदीप तुलसी यादव मुंबईत घडलेले पैलवान होते. शेजारच्या कर्नाटकातील अर्जुन हलकुर्की यांनी २०२० साली ५५ किलोत आशियाई कांस्य मिळवले. आणि ज्यांना ग्रीको हा परका प्रकार वाटतो, त्यांना मी गणपतराव आंदळकरांचे नाव सांगतो. हिंदकेसरी आंदळकरांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवले ते ग्रीको-रोमनमध्ये. फ्रीस्टाईलमध्ये त्यांना रौप्य मिळाले होते. कोल्हापूरच्या लाल मातीत मुरलेल्या पैलवानाला जे परके वाटले नाही, ते आपल्या तालमीला परके वाटण्याचे कारण नाही.

आता वजनाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न येथेच आहे. ज्येष्ठ गटातील ग्रीको-रोमनची आंतरराष्ट्रीय वजने ५५, ६०, ६३, ६७, ७२, ७७, ८२, ८७, ९७ आणि १३० किलो अशी दहा आहेत. यांपैकी ऑलिम्पिकमध्ये सहाच असतात : ६०, ६७, ७७, ८७, ९७ आणि १३०. अलीकडच्या आशियाई क्रीडा स्पर्धांतही हीच सहा वजने खेळवली गेली. म्हणजे चिरंजीव ज्या ५५ किलोसाठी शरीर वाळवत आहेत, त्या गटात जागतिक आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धा आहेत, परंतु आशियाई क्रीडा स्पर्धा आणि ऑलिम्पिक नाहीत. साडेअठ्ठावन्न किलोच्या मुलाने जेवून-खाऊन ज्या गटात जायचे, तो गट अशा स्पर्धांचा आहे, आणि उपाशी राहून ज्या गटात जायचे, तो नाही. इतका सरळ हिशेब असूनही मुले खालच्या गटात का जातात, हे मला ठाऊक आहे. खाली गेले की समोरचा आपल्यापेक्षा बारीक भेटेल असे वाटते. समोरचाही तेच करून आलेला असतो.

जगातील मोठ्या हलक्या पैलवानांनी या कोंडीतून कशी वाट काढली, ते पाहण्यासारखे आहे. दक्षिण कोरियाचे शिम क्वोन-हो यांनी १९९६ साली अटलांटा येथे ४८ किलोत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. पुढे तो गटच ऑलिम्पिकमधून गेला. त्यांनी स्वतःला ५४ किलोसाठी घडवले आणि २००० साली सिडनीत पुन्हा सुवर्ण घेतले. त्याच दोन ऑलिम्पिकमध्ये आर्मेन नाझारियन यांनी आधी ५२ आणि मग ५८ किलोत सुवर्ण मिळवले, पहिले आर्मेनियासाठी आणि दुसरे बल्गेरियासाठी. इराणचे हमीद सूरियान यांच्या नावावर सहा जागतिक अजिंक्यपदे आहेत; २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते ५५ किलोत जिंकले, त्यानंतर ऑलिम्पिकमधून तो गट वगळला गेला, आणि २०१४ साली ५९ किलोत ते पुन्हा जगज्जेते झाले. वर चढणे नेहमीच फळते असे नाही, कारण याच सूरियान यांना रिओत त्या वजनात पदक मिळाले नाही. पण हे तिघेही वर चढले. खाली उतरून मोठा झालेला ग्रीको पैलवान मला पटकन आठवत नाही.

वस्तादांच्या पिढीला वजन तोडण्यात गैर का वाटत नाही, याचेही कारण आहे. पूर्वी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन आदल्या दिवशी होत असे. काट्यावरून उतरल्यावर पाणी, जेवण आणि एक रात्रीची झोप मिळे. २०१८ पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होते आणि साधारण दोन तासांत कुस्त्या सुरू होतात. दोन तासांत पोट भरता येते, पण दोन दिवस कोरडे ठेवलेले स्नायू पाण्याने भरत नाहीत. दोन दिवसांच्या स्पर्धेत दुसऱ्या दिवशी पदकासाठी लढणाऱ्यांचे पुन्हा वजन होते. विनेश फोगाट ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने अपात्र ठरल्या, ते याच दुसऱ्या वजनात. वस्तादांचा अनुभव खोटा नाही. ज्या नियमात तो आला, तो नियम आता राहिलेला नाही.

मी स्वतः एके काळी ५२ किलो गटात ग्रीको खेळलो आहे. माझे खरे वजन छप्पन्नच्या पुढे होते. एका स्पर्धेआधी ओळखीने मला सूत रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलरजवळ बसायला जागा मिळाली. मे महिन्यातील सोलापूर, अंगावर घोंगडी, तोंडात चिंचेचे बुटूक आणि पुढ्यात थुंकण्यासाठी पत्र्याचा डबा. असा मी दोन दुपारी बसलो. वजन संध्याकाळी झाले आणि काटा बावन्नवर थांबला, तेव्हा मला जिंकल्यासारखेच वाटले. दुसऱ्या दिवशीची पहिली कुस्ती मी कशीबशी काढली. दुसऱ्या कुस्तीत कब्जा मिळाला, मी समोरच्याच्या कमरेला विळखा घातला आणि हातात हात अडकवायला गेलो, तर माझी बोटे वळेनात. पकड डोळ्यांसमोर सुटत गेली. फ्रीस्टाईलमध्ये हात थकले तर पाय आहेत; ग्रीकोच्या पैलवानाजवळ हातांखेरीज दुसरे काही नसते, आणि पाणी तुटले की मूठ दगा देते. आपल्या मुलाच्या पोटरीत गोळे आले, यावर भागले असेच मी म्हणेन. १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरच्या अवघ्या महिनाभरात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान असेच रबरी कपडे घालून, उष्ण खोलीत व्यायाम करून वजन तोडताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी कपड्यांवर बंदी आली, आठवड्यात दीड टक्क्यापेक्षा अधिक वजन उतरवू नये आणि शरीरात किमान पाच टक्के चरबी राहिलीच पाहिजे, असे नियम झाले.

याच ओघात एक कडक सूचना. वजनाच्या आदल्या रात्री लघवीची गोळी घेण्याची युक्ती कोणी मुलाच्या कानात सांगितली असेल, तर ती तेथेच थांबवा. ही औषधे उत्तेजकविरोधी नियमांत सर्वकाळ प्रतिबंधित आहेत, आणि एका गोळीसाठी पैलवानाची वर्षे बंदीत जाऊ शकतात. तालमीच्या थंडाईतील खसखससुद्धा स्पर्धेच्या आधीच्या दिवसांत वगळावी. तिच्यात मॉर्फिनचा अल्प अंश असतो आणि तो लघवीच्या तपासणीत दिसू शकतो. हे ऐकून वस्ताद हसतील. हसू द्यावे.

६० किलोसाठी तयार होणे म्हणजे काय, तेही स्पष्ट करतो. त्या गटात परदेशातून आणि हरियाणातून येणारी मुले एरवी त्रेसष्ट-चौसष्ट किलोची असतात आणि थोडे वजन उतरवून येतात. साडेअठ्ठावन्नचा मुलगा तेथे पहिल्या वर्षी ढकलला जाईल, रिंगणाबाहेर एकेक गुण देत बसेल आणि काही कुस्त्या हरेल. या हरण्याची तयारी आधी आपली हवी. मुलाची तयारी त्यापाठोपाठ होते. त्याच्या शरीराला एकसष्ट-बासष्ट किलोपर्यंत जायचे आहे आणि ते वजन पाठ, मान, खांदे आणि मांड्यांत भरले पाहिजे, पोटावर नाही. जोर-बैठका चालू राहू द्याव्यात, पण त्यांनी पाठीची ओढण्याची ताकद पुरेशी येत नाही. त्यासाठी दोर चढणे, वजन जमिनीवरून उचलणे आणि आपल्याच वजनाचा जोडीदार कमरेला धरून उचलणे, हे आठवड्यातून तीन दिवस हवे. मानेवरच्या पुलाचा (डोके आणि पाय टेकवून अंगाची कमान करण्याचा) सराव रोज थोडा करावा आणि मान गरम झाल्याशिवाय कधीही करू नये, कारण मागे फेकताना आणि फेकले जाताना सगळा भार तेथेच येतो. मॅटवर पालथे पडून समोरच्याला उलटवू न देण्याचा सरावही वाढवावा. निष्क्रिय ठरलेल्या पैलवानावर ती वेळ येऊ शकते, आणि प्रत्येक उलट्याला दोन गुण जात असल्याने चार उलट्यांत कुस्ती संपते. सहा मिनिटांत जिंकलेले तेथे वीस सेकंदांत जाते. मातीत वाढलेल्या मुलांची मला सर्वांत कच्ची दिसणारी बाजू हीच आहे.

यासाठी सोलापुरात जोड मिळणे अवघड आहे, हे मान्य. त्याच्या वजनाचे दोन ग्रीको पैलवानही आपल्या तालमीत नसतील. शक्य असल्यास सुट्टीत महिनाभर पुण्याला सरावाला जावे किंवा मुंबईत कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात निवड चाचणी देण्याचा प्रयत्न करावा. तोवर आठवड्यातून दोन दिवस फ्रीस्टाईलच्या मुलांबरोबर ‘पाय नाहीत’ या अटीवर लढावे. सदुसष्ट-सत्तर किलोचा जोडीदार घेतला तरी चालेल. जत्रेच्या मैदानांविषयी माझे मत असे की आपल्या गावच्या यात्रेत मानाची एक कुस्ती लढायला हरकत नाही, कारण तो गावाचा आणि घराचा आनंद आहे. पण इनामासाठी, जोड कोणती लागणार हे ठाऊक नसताना, हंगामभर गावोगाव फिरू नये. मातीतील दहा किलो जड पैलवानाखाली मोडलेले कोपर कोणी इनामातून भरून देत नाही.

नोकरीविषयी थोडक्यात, कारण ग्रीकोला काही मिळत नाही हे वस्तादांचे म्हणणे येथे निव्वळ चुकीचे आहे. क्रीडा कोट्यासाठी प्रकार फ्रीस्टाईल की ग्रीको हे पाहिले जात नाही, स्पर्धेचा दर्जा आणि क्रमांक पाहिला जातो. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र पदाच्या गटानुसार कोणत्या स्तरावरील कामगिरी चालते हे ठरलेले असते आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. ती जाहिरात निघाल्यावर धावपळीत करण्याची गोष्ट नाही. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, निकालपत्रक आणि प्रवेशपत्र एका फाइलमध्ये आजपासून ठेवावे. रेल्वे आणि सेनादल पैलवान घेतात, आणि राष्ट्रीय ग्रीको स्पर्धेत या दोन संघांचे वर्चस्व असते. तेथे भरती झालेल्या मुलाला पगारासह रोज दर्जेदार जोड मिळते, जी आपण घरून कितीही खर्च केला तरी देऊ शकणार नाही. पदवी पूर्ण करणे मी अटीसारखे सांगतो. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते, तेथे ग्रीको-रोमन असते, आणि पदवी असलेल्या पैलवानाला पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करण्याचा मार्गही खुला राहतो. ग्रीको शिकवू शकणारे प्रशिक्षक आपल्या भागात किती थोडे आहेत, हे आपल्याला जोड शोधतानाच कळेल.

मुदतीचेही बोलून ठेवावे. वीस वर्षांखालील गटात चिरंजीवांचा काळ आता संपत आला आहे. पुढे २३ वर्षांखालील गट आहे. त्याच गटाच्या जागतिक स्पर्धेत २०२२ साली साजन भानवाला यांनी ७७ किलोत भारताला या वयोगटातील पहिले ग्रीको पदक मिळवून दिले. तेविसाव्या वर्षापर्यंत ६० किलोत राष्ट्रीय स्पर्धेत पदकाच्या लढतीपर्यंत पोहोचता आले आणि शरीर धड राहिले, तर पुढचे पाऊल टाकावे. न पोहोचल्यास मिळालेली प्रमाणपत्रे आणि पदवी घेऊन नोकरीला लागावे, आणि कुस्ती संध्याकाळची ठेवावी. हे आज, कोणी हरलेले नसताना, बापलेकाने समोरासमोर बसून ठरवावे. हरल्याच्या रात्री असे निर्णय नीट होत नाहीत.

राहिला चिरंजीवांच्या आईंचा प्रश्न. वहिनींना सांगा की भाकरी बंद करू नये. ज्याचे वजन वाढवायचे आहे, त्याचे मुख्य अन्न काढून घेणे उलटे होईल, आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ज्या जिल्ह्यात पिकते, तेथे पैलवानाची भाकरी बंद करणे मला तरी बरे वाटत नाही. साठ किलोच्या पैलवानाला दिवसाला साधारण शंभर ते एकशेवीस ग्रॅम प्रथिने लागतात. एक लिटर दुधात ती तीस-पस्तीस ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. बदामाच्या १०० ग्रॅममध्ये एकवीस ग्रॅमच्या आसपास आणि शेंगदाण्याच्या तेवढ्याच वजनात पंचवीस ग्रॅम, म्हणजे बदामापेक्षा अधिक, आणि भावात किती फरक आहे हे त्यांना माझ्याहून चांगले माहीत आहे. बदाम चार-सहा असू द्यावेत. खुराकाचा पैसा दूध, अंडी, मटकी, डाळी आणि भिजवलेल्या शेंगदाण्यांवर लावावा. शेंगाचटणी रोज चालेल, पण स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ती आणि लोणचे कमी करावे, कारण मिठाबरोबर शरीर पाणी धरून ठेवते आणि काट्यावर अर्धा किलो उगाच जास्त दिसते. आणि रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याचे वजन एका वहीत लिहून ठेवायला सांगावे. पुढील पत्राबरोबर त्या वहीच्या दोन महिन्यांच्या नोंदी पाठवाव्यात; त्यावरून ६० किलोत पहिली स्पर्धा कधी खेळावी, ते मला सांगता येईल.